अकरावी-बारावी सांभाळून जोडअभ्यासक्रम कसा निवडावा

जोडअभ्यासक्रम निवडायला बसलात की सगळ्यात आधी एवढे ठरवा, की तो पूर्ण झाल्यावर हाती येणारा कागद तुम्हाला कोणाच्या टेबलावर ठेवायचा आहे. लिपिकाच्या भरतीत कागदपत्रे तपासणाऱ्याचे टेबल वेगळे, पदवीच्या प्रवेशाचे वेगळे, वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातले वेगळे. आणि घरच्या शेतात तुती लावून रेशीम करायचे असेल तर टेबलच नाही, तिथे कागदाला कोणी विचारत नाही, हाताला विचारतात. हे एकदा नक्की झाले की चौकातल्या फ्लेक्सवरची निम्मी नावे आपोआप गळतात. बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असताना मी दर वर्षी याच्या उलट क्रम पाहतो. फी भरून झालेली असते, पावती वडिलांच्या खिशात असते आणि मग विचारणा होते, की सर, याचा पुढे उपयोग काय?

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत, त्यांच्या घरी आणखी एक प्रश्न हमखास निघतो, की तिकडच्यासारखी सोय आपल्याकडे आहे का? तिकडे शाळेत असतानाच मुले गावातल्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन एखादा विषय घेतात आणि त्याच विषयाचे क्रेडिट शाळेतही धरले जाते व पुढे महाविद्यालयातही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असले तरी पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये मिळवलेली क्रेडिट खात्यात जमा ठेवणारी क्रेडिट बँक आली आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शालेय वर्गांनाही जागा मिळाली, ज्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असा हिशेब आहे. तरीही बारावीतल्या मुलाने पदवीचा विषय आधीच उरकावा आणि विद्यापीठाने तो पहिल्या वर्षाला सरसकट मोजावा, अशी मळलेली वाट मराठवाड्यात अजून नाही. 'एकाच वेळी दोन पदव्या करता येतात' हे जे सांगितले जाते, ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिलेली मुभा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बारावी आणि पदवी एकदम करण्याचा तो परवाना नव्हे. म्हणून 'आताच पदवीचे क्रेडिट मिळेल' असे कोणी सांगितले, तर कोणते विद्यापीठ ते धरणार आहे हे लेखी मागा.

परीक्षा कोण घेते?

कोणत्याही अभ्यासक्रमामागे तिघे जण असतात: शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि त्या परीक्षेला मान देणारा. फ्लेक्स मात्र फक्त शिकवणाऱ्याचा असतो. टायपिंगचे उदाहरण घेतले तर हे लगेच उलगडते. शिकवते गल्लीतली इन्स्टिट्यूट, परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आणि मान देते शासन, कारण लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे शासकीय प्रमाणपत्र मागितले जाते. शिकवणाऱ्याच्या हाती गुण नसतात, म्हणून त्या कागदाला वजन असते. जिथे तिन्ही कामे एकाच खोलीत, एकाच खुर्चीवरून होतात, तिथे सावध व्हावे.

माझ्या भाच्याच्या बाबतीत हे मला स्वतःला कळले नाही, हे कबूल करायला हवे. दहावीनंतरच्या सुट्टीत त्याला एका संगणक संस्थेचे नाव मीच सुचवले होते, कारण ती घराजवळ होती आणि तिच्या पाटीवर 'आयएसओ मानांकित' असे मोठ्या अक्षरांत होते. सोनेरी किनारीचे, चकाकत्या शिक्क्याचे प्रमाणपत्र आले. चार वर्षांनी एका भरतीच्या कागदपत्र पडताळणीत समोरच्या माणसाने ते उचलले, उलटे करून मागची कोरी बाजू पाहिली आणि एक शब्द न बोलता परत सरकवले. आयएसओ ९००१ हे कार्यालयाचे कामकाज ठरलेल्या पद्धतीने चालते एवढेच सांगणारे मानांकन आहे. तिथे शिकवला जाणारा अभ्यासक्रम शासनाला चालतो की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मला पन्नाशीत समजले.

संगणकाचाच कागद हवा असेल तर दोन सरळ रस्ते आहेत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे आणि तालुक्याच्या गावी तिचे केंद्र मिळतेच. दुसरा रस्ता नायलिट या केंद्र शासनाच्या संस्थेच्या सीसीसी या संगणक-ओळखीच्या अभ्यासक्रमाचा. छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात या संस्थेचे केंद्र आहे. सीसीसी ८० तासांचा आहे, त्याची परीक्षा ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची असते आणि त्याला किमान शिक्षणाची अट नाही, त्यामुळे अकरावीतल्या मुलाला ते बसते. दोन्ही करण्याचे कारण नाही, एक पुरे. त्याच संस्थेच्या ओ लेव्हल या वरच्या संगणक अभ्यासक्रमाला मात्र बारावी किंवा आयटीआय लागते. अकरावीतच ओ लेव्हलची जागा देतो म्हणणाऱ्याला ही पात्रता दाखवून प्रश्न विचारावा. कौशल्याच्या इतर अभ्यासक्रमांत, मग ते शिवणकाम असो की विजेची फिटिंग, प्रमाणपत्र देणारी संस्था एनसीव्हीईटी या राष्ट्रीय नियामकाच्या मान्यतेत आहे का आणि कागदावर कौशल्य पातळीचा क्रमांक असतो का, हे मागच्या तुकडीतल्या एखाद्याचे प्रमाणपत्र मागवून प्रत्यक्ष पाहावे. नमुना दाखवायला जो कां-कूं करतो, तिथून उठावे.

नर्सिंगबद्दल थोडे जास्त लिहिणे भाग आहे, कारण आमच्या भागात मुलींची सर्वाधिक फसगत इथे होते. 'सर, लेकीला नर्सिंगला टाकलंय' असे सांगणारे वडील दर वर्षी भेटतात, आणि लेक अजून अकरावीत असते. परिचारिका म्हणून नोंदणी होते ती एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर, आणि त्यासाठी आधी बारावी लागते. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे. त्यामुळे अकरावीत चालू होणारा सहा महिन्यांचा 'नर्सिंग' अभ्यासक्रम हा फार तर रुग्णाजवळ मदतनीस म्हणून उभे राहायला शिकवतो. ते शिकण्यात कमीपणा नाही, घरच्या आजारपणातही ते कामी येते. पण त्या फीत परिचारिकेचे स्वप्न विकले जात असेल तर ते थांबवायला हवे. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होईल का, एवढा एकच प्रश्न संस्थेच्या माणसाला विचारा आणि उत्तर त्याच्याच लेटरहेडवर घ्या.

बारावीच्या आतच बसणारा पर्याय

बाहेर क्लास न लावता कौशल्याचा विषय घेण्याची सोय बायफोकलमध्ये आहे. इंग्रजी कायम राहते. दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडून त्यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यवसाय विषय येतो. विज्ञानात संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत उपकरणांची देखभाल, पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय असे विषय आहेत. वाणिज्यात बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन वगैरे. संगणकशास्त्रात २०० पैकी १०० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि खरे सांगायचे तर बहुतेक मुले या गुणांकडे पाहूनच तो घेतात.

इथे काय घेतो यापेक्षा काय सोडतो याकडे जास्त लक्ष द्यावे. जीवशास्त्र सोडून संगणकशास्त्र घेतलेल्या आणि बारावीच्या दिवाळीत नीटची पुस्तके आणलेल्या दोन मुलांची आमच्याकडे झालेली धांदल मी पाहिली आहे. तसेच गणित सोडले की अभियांत्रिकीचा दरवाजा जवळजवळ लागतोच. ही निवड अकरावीच्या प्रवेशातच करावी लागते, नंतर फिरवणे जिकिरीचे होते. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागला असल्याने पूर्वीसारखे कार्यालयात जाऊन 'साहेब, तेवढा विषय बदलून द्या' म्हणण्याची सवयही सोडावी लागेल. पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहून यावी: संगणक किती आहेत आणि त्यातले चालू किती, विषयाचा शिक्षक पूर्ण वेळ आहे की तासिकेवर, आणि भारनियमनाच्या वेळी प्रात्यक्षिक कसे घेतात. पीकशास्त्र असेल तर जमीन कुठे आहे, हे विचारावे. कुंडीतल्या रोपावर उरकलेले पीकशास्त्र मी पाहिलेले आहे.

तासांचा हिशेब कागदावर मांडा

मागच्या वर्षी अकरावीच्या एका मुलीबरोबर बसून मी हा हिशेब कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे मांडला होता. तिचे गाव अंबाजोगाईपासून २४ किलोमीटरवर. सकाळी साडेसहाची एसटी, साडेबारापर्यंत महाविद्यालय, एक ते तीन ट्यूशन आणि परतीची गाडी चार वाजता. म्हणजे तीन ते चार हा एक तास रोज स्टँडवर बसून जात होता. आठवड्याचे सहा तास. रविवार शेतातला आणि कपड्यांचा, तो धरायचाच नाही असे तिनेच सांगितले. ८० तासांचा अभ्यासक्रम आठवड्याला सहा तासांनी चौदा आठवड्यांत होतो. ऑगस्टच्या दहा तारखेला सुरुवात केली तर तो नोव्हेंबरच्या मध्यावर संपायला हवा. पण सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची काढणी लागते, त्यात दोन आठवडे जातात, आणि दिवाळीचा एक. सतरा आठवडे धरले, डिसेंबरचा पहिला आठवडा आला. अकरावीला हे चालते. बारावीला हेच गणित कोसळते, कारण जानेवारीअखेरीस प्रात्यक्षिक परीक्षा आणि फेब्रुवारीत लेखी परीक्षा दारात उभ्या असतात.

त्या पानावरून आणखी एक गोष्ट निघाली. क्लास स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर असायला हवा होता, कारण रिक्षाने गेल्यास तासातली वीस मिनिटे रस्त्यातच जाणार होती. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळणारा एसटीचा पास आणि मुलांचा सवलतीचा मासिक पास हे दोन्ही घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गाचे असतात. त्यामुळे महाविद्यालय एका गावी आणि क्लास दुसऱ्या गावी असेल, तर क्लासच्या फीत प्रवासाचे भाडे मिळवूनच तुलना करावी. तिच्या यादीत तीन नावे होती; दोन या हिशेबात गेली. उरलेला क्लास तिघांत महाग होता, पण चार मिनिटांच्या अंतरावर होता.

तास काढताना महाविद्यालयाच्या तासिकांना कात्री लावू नये. मंडळाची ७५ टक्के उपस्थितीची अट आहे, आणि 'आमच्याकडे उपस्थिती सांभाळून घेतो' हे वाक्य वार्षिक परीक्षेच्या वेळी कोणी लेखी देत नाही. अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष हा समजही महागात पडतो. एमएचटी-सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात आणि नीट, जेईई तर दोन्ही वर्षे सारखीच धरतात. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत जी मुले सकाळपासून रात्रीपर्यंत आहेत, त्यांनी जोडअभ्यासक्रमाच्या भानगडीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी योग्य काळ दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग भरेपर्यंतचा. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत, कधी त्याहूनही पुढे, हातात अडीच-तीन महिने असतात आणि आपण ते लग्नसराईत घालवतो.

घरी बसून शिकायचे असेल तर

स्वयं हे केंद्र शासनाचे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरच्या एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांनी चालवलेल्या, अभ्यासक्रमांना वयाची किंवा बारावीची अट नाही, नावनोंदणी मोफत आहे आणि पैसे लागतात ते फक्त परीक्षेला बसायचे ठरवले तर. याचा फायदा उठवावा: आधी नुसते नाव घालावे, तीन आठवडे पाहावे, दर आठवड्याचा स्वाध्याय वेळेत होतो का ते तपासावे आणि मगच परीक्षेची फी भरावी. अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. पहिल्यांदा करणाऱ्याने चार किंवा आठ आठवड्यांचाच घ्यावा. अंतिम गुणांत स्वाध्यायाचे २५ आणि परीक्षेचे ७५ टक्के असतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, म्हणून फी भरण्यापूर्वी केंद्रांच्या यादीत आपल्या जवळचे शहर आहे ना, हे पाहावे. सत्रे दोन, जानेवारीचे आणि जुलैचे. बारावीच्या मुलाने जानेवारीच्या सत्राकडे पाहू नये.

भाषेची अडचण लपवून उपयोग नाही. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत, बोलण्याचा वेगही बराच असतो. काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरे मिळतात, पण सगळ्यांची नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने दोन संध्याकाळी पहिल्या आठवड्याचे व्हिडिओ ऐकावेत. थांबवत थांबवत का होईना, मुद्दा लागत असेल तर पुढे जावे. काहीच लागत नसेल तर तो दोष मुलाचा नाही, अभ्यासक्रम बदलावा.

आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीबद्दल आजकाल बरेच विचारतात. बारावीत असतानाही तिच्या पात्रता फेरीसाठी अर्ज करता येतो, चार आठवड्यांचा अभ्यास, दर आठवड्याचे स्वाध्याय आणि मग केंद्रावरची परीक्षा असा तिचा क्रम आहे. मात्र प्रत्यक्ष प्रवेश बारावी उत्तीर्ण झाल्यावरच. अमेरिकेतल्या त्या पद्धतीच्या जवळ जाणारे आपल्याकडे सध्या जे काही आहे, ते एवढेच.

शेतीकडे परतायचे असेल, तर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन या. जालन्याजवळ खरपुडी, अंबाजोगाई, तुळजापूर, नांदेड जिल्ह्यात सगरोळी, अशी केंद्रे आपल्या आठही जिल्ह्यांत आहेत आणि ग्रामीण तरुणांसाठी तिथे थोड्या दिवसांची प्रशिक्षणे होतात. वेळापत्रक तिथल्या फळ्यावर लागते. जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ उभी राहिल्यापासून तुतीविषयी विचारणारी मुले वाढली आहेत, आणि त्यांना मी वर्षभराच्या कोर्सपेक्षा एखाद्या रेशीम उत्पादकाच्या शेडमध्ये एक पूर्ण बॅच काढायला सांगतो. पानावर औषधाचा अंश राहिला की अळ्या कशा पडतात, ते वर्गात कळत नाही.

पावती, नाव आणि मूळ कागद

फी हप्त्यांत द्यावी आणि प्रत्येक हप्त्याची संस्थेच्या नावाची पावती घ्यावी. चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा पावती नव्हे. दहावीची मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नये. राज्य मंडळाची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळते आणि पडताळणीला एक साक्षांकित प्रत पुरते, त्यामुळे 'ओरिजिनल जमा करा' म्हणणाऱ्याचा हेतू फी अडकवण्याचाच असतो.

नावाची चूक सगळ्यात क्षुल्लक दिसते आणि सगळ्यात जास्त फिरवते. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. आणि ऑनलाइन अर्जात मुले घाईने जे टंकतात तेच प्रमाणपत्रावर छापून येते. 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजीत मी चार तऱ्हांनी लिहिलेले पाहिले आहे, तेही एकाच मुलाच्या चार कागदांवर. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे स्पेलिंग अक्षर-अक्षर पाहून प्रत्येक अर्जात तेच घालावे, आणि आधार त्याच्याशी जुळत नसेल तर अभ्यासक्रमाआधी आधार दुरुस्त करून घ्यावे, कारण पुढे क्रेडिटसाठी लागणारा अपार क्रमांकही आधारवरच्या नावाला जोडलेला आहे.

बारावीच्या वर्षात एक डिसेंबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. त्या दिवशी जो अभ्यासक्रम अपुरा असेल, तो परीक्षा संपेपर्यंत बाजूला ठेवावा. परीक्षा पुढच्या सत्रात देता येईल का, त्यासाठी वेगळी फी पडेल का आणि भरलेली फी तोवर धरली जाईल का, ही चौकशी मात्र नाव घालतानाच करून, उत्तर पावतीच्या मागे लिहून आणि त्याखाली संस्थेची सही घेऊन ठेवावी. सही द्यायला कोणी तयार नसेल, तर पहिला हप्ता भरण्याआधीच दुसरे दार पाहावे.